रामनवमी एक ते चाळीस

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको: अर्ज स्वीकारला गेला. पोचपावती माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि हे लिहिताना मी ती दोनदा चाचपून पाहिली. कीर्तनकार आख्यानाचा शेवट असा आधी फोडत नाहीत, हे मला कळतं. पण गोव्यातल्या आमच्या कारापुरात ऐकणाऱ्यांपैकी निम्मे रक्तदाबाच्या गोळ्यांवर आहेत, आणि जानेवारीच्या त्या तीन आठवड्यांत मला कुणी शेवट आधी सांगितला असता तर मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

मी गुरुदास. हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. माणसाला एक तरी व्यसन असावं म्हणतात. मला कीर्तनाचं आहे. कुठल्या देवळात कुठले बुवा उभे राहणार हे मला पंचांगासारखं पाठ असतं. पण सगळ्या बुवांत बुवा म्हणजे पेडण्याचे निवृत्तीबुवा. तीस वर्षं झाली, रामनवमीला सकाळच्या बसने येतात, कापडी पिशवीत झांज आणि इस्त्रीचा फेटा. दुपारी बारा वाजता ते पाळण्याची दोरी हातात घेतात तेव्हा देवळातल्या पंख्यांनासुद्धा गरगरायचं भान राहत नाही. (तेव्हा वीज गेलेली असते, असं आमचा शेजारी बाबली म्हणतो. बाबली अश्रद्ध आहे.)

तर या बुवांनी गेल्या वर्षी सरकारच्या ज्येष्ठ कलाकार सन्मानासाठी अर्ज केला होता. तो परत आला. वर लाल शाईत शेरा: ‘कीर्तन केल्याचा पुरावा जोडलेला नाही.’ नव्या वर्षाच्या पहिल्या एकादशीला ते देवळात भेटले आणि हसत हसत तो कागद दाखवू लागले.

“पुरावो म्हणान काय दिऊ, गुरुदासबाब? गळो काढून दाखवू?”

हसत होते खरे, पण कागदाची घडी त्यांनी चार वेळा उलगडली आणि पुन्हा घातली. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला विचारायचं, की तू आयुष्यभर जे केलंस ते केलंस कशावरून?  असं काही पाहिलं की माझं तोंड सुटतं.

“बुवा, फोटो माझ्याकडे आसत! दर रामनवमीचे. कॉम्प्युटरात!”

बुवांनी सगळ्या देवळासमोर मला मिठी मारली आणि निश्चिंत होऊन पेडण्याला गेले. नियम असा होता की मागच्या दहा वर्षांचा, लागोपाठ, दर वर्षाचा एक फोटो जोडायचा. शेवटची तारीख एकतीस जानेवारी. ‘त्यात काय,’ असं मी देवकीला, म्हणजे माझ्या पत्नीला, म्हणालो. आमच्या संसारातली सगळी संकटं याच दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

आता कॉम्प्युटराची हकिकत. तो आमच्या बाहेरच्या खोलीत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, असतो, वर देवकीने विणलेलं झाकण. साखळीच्या बाजारात कॅमेऱ्याचं दुकान असलेला प्रमोद, मूळचा बेळगावकडचा, दर रामनवमीनंतर येऊन कॅमेऱ्यातले फोटो त्यात ओतून जायचा. ओतून म्हणजे अक्षरशः. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर दोन’, ‘नवीन फोल्डर दोनची प्रत’... लग्नघरात पाहुण्यांच्या बॅगा पडाव्यात तसे पडलेले. माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला.

“आधी ह्ये सगळे लावून घ्यायला हवे,” मी म्हणालो.

“कित्याक?” देवकी म्हणाली. “दहा फोटो काढा, द्या. कपाट कित्याक आवरतात?”

पण ज्याने चौतीस वर्षं शाळेचं दप्तर सांभाळलं, त्याला पसाऱ्यातून एक कागद ओढून काढणं म्हणजे न आंघोळता नैवेद्य दाखवणं. एवढ्यात बाबली आला. बाबली कुठल्याही घरात काम निघालं की येतो आणि कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसतो.

“गुरुदास, तू हेडक्लार्क आसलंस ना? मगे नावां घाल. नंबर घाल. सगळां एका जाग्यार ठेव.”

या खेपेला मला तो सल्ला चक्क पटला, आणि तिथेच माझं चुकलं. मी एका बोटाने टंकलेखन करतो. आठ दिवस बसून एकेका फोल्डरमधल्या फोटोंना नावं दिली: रामनवमी १, रामनवमी २, रामनवमी ३. पुढचं फोल्डर उघडलं की पुन्हा रामनवमी १, रामनवमी २. कुणी विचारेल, वर्ष का नाही घातलंत? अहो, आमच्या घरी वर्ष कोण मोजतं? वडिलांचं श्राद्ध तिथीनं, वास्तूचा वाढदिवस तिथीनं, देवकीचा वाढदिवससुद्धा तिथीनं. तिचं वय काय हे त्यामुळेच मला आजतागायत नक्की ठाऊक नाही आणि घरात शांतता आहे. देव दर वर्षी त्याच तिथीला जन्मतो. त्याला ‘हा कितव्या सालचा’ असं विचारायचं?

मग मी एक मोठं फोल्डर केलं, ‘श्रीरामनवमी’ असं ठळक नाव दिलं, आणि एकेका वर्षाची पोरं या आईच्या ओटीत घालू लागलो. पहिलं वर्ष सुखरूप गेलं. दुसऱ्याला कॉम्प्युटराने विचारलं: या जागी याच नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या का? मला त्याचं कौतुक वाटलं. यंत्र असून किती अदबीनं विचारतं! नावं तीच असणार. तिथी तीच, देव तोच, बुवा तेच. मी म्हटलं, होय. खाली आणखी विचारत होता, सगळ्यांसाठी हेच करू का? म्हटलं, होय रे बाबा, करून टाक, सारखं विचारू नकोस. असं प्रत्येक वर्षी तो विचारत गेला आणि मी होय म्हणत गेलो. शेवटचं फोल्डर रिकामं झालं तेव्हा पडदा इतका स्वच्छ दिसत होता की मी हात जोडले.

संध्याकाळी मोठं फोल्डर उघडलं. आत त्रेसष्ट फोटो.

एक ते चाळीस, सगळे गेल्या वर्षाचे. एक्केचाळीस ते त्रेसष्ट कुठल्यातरी जुन्या वर्षाचे. त्या वर्षी मी जास्त काढले होते म्हणून शेपूट उरलं होतं. त्या तेवीस फोटोंत महाप्रसादाच्या पंक्ती, एक कुत्रा, आणि माझा स्वतःचा अंगठा. बुवा कुठेच नाहीत.

मी प्रमोदला फोन केला. तो स्कूटरवरून आला, पाच मिनिटं खाटखूट करून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे असा पाहू लागला, की डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसतात ना, तसा.

“काका, काय केलासा हे? दर वर्षाला मागच्या वर्षावर बसवलासा की. जुने सगळे पुसून गेले.”

“केराच्या टोपलीत असतील.”

“असे गेलेले टोपलीत पण जात नाहीत, काका.”

बाबली लगेच म्हणाला, “मी म्हणतच होतंय, नंबर घालू नको म्हणून.”  माझ्या डोळ्यांसमोर पेडण्यात वाट पाहणारे बुवा दिसत होते. म्हातारा आतापर्यंत सगळ्या आळीला सांगून बसला असणार, गुरुदासबाबाकडे पुरावो आसा. आणि तो मी माझ्या हाताने, आठ दिवस खपून, होय होय म्हणत पुसला होता. बाहेर कुणी खून केला तरी पुरावा नष्ट करायला इतकी मेहनत घेत नाही.

देवकीने चहा आणला. मी घेतला नाही. तेव्हा तिला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

“पण ती कार्डां आसत ना?” ती म्हणाली.

“कसली कार्डं?”

“कॅमेऱ्यातली. दर वर्सा तुमी नवां कार्ड घेतात, जुनां माका देतात.”

आता हे सांगायला संकोच वाटतो. माझी समजूत अशी होती की जुन्या कॅमेऱ्यात जसा रोल संपतो तसं हे कार्डही एका रामनवमीत संपतं. म्हणून दर वर्षी मी प्रमोदच्या दुकानातून नवं कोरं कार्ड आणत असे. प्रमोद ताडकन उभा राहिला.

“काका, पुसलं नसेल तर कार्डात फोटो तसेच असणार की! मी नुसती नक्कल काढून घेत होतो.”

“म्हणजे ते पुन्हा वापरता येतं?”

“येतंय की.”

“मग दहा वर्षं बोलला का नाहीस?”

प्रमोदने खाली पाहिलं. “तुम्ही इतक्या भक्तीनं नवं मागायचासा... म्हटलं, काहीतरी व्रत असेल.”

त्याला क्षमा करायलाही वेळ नव्हता. “देवकी, कार्डं खंय आसत?”

देवकीचा चेहरा उतरला. त्यात देवाचे फोटो, म्हणून तिने ती केरात कधी टाकली नाहीत. देवाचं चित्र असलेली लग्नपत्रिका, जुनं कॅलेंडर, उदबत्तीचं पाकीट, आमच्याकडे यातलं काहीही केरात जात नाही. ती सगळी कार्डं देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलेली होती. आणि गेल्या आठवड्यात, संक्रांतीला, तिने देव्हारा घासूनपुसून लख्ख केला, डबा निर्माल्याच्या पिशवीत रिकामा केला आणि पिशवी नदीत सोडायला दिली.

“कोणाक दिलंस?”

देवकीने बाबलीच्या कदेलाकडे बोट दाखवलं. कदेल रिकामं होतं. बाबली निघून गेला होता.

मी तसाच धावलो. अंगात बनियन, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात देवकीची. कारापूरच्या रस्त्याने निवृत्त हेडक्लार्क असा धावताना पाहून पाव विकणाऱ्या पोदेराने सायकल बाजूला घेतली आणि उगाचच भोंगा वाजवला. बाबली त्याच्या पायरीवर उंडो पाव चहात बुडवून खात होता.

“बाबली! संक्रांतीची पिशवी? नदीत सोडलंस?”

“सोडलंय मरे,” बाबली म्हणाला. “त्याच दिसा. हात जोडून सोडलंय. पाण्यात कशी गेली बघ, सूं करून.”

मी पायरीवर बसलो.  वाळवंटी नदीच्या पाण्यात दहा रामनवम्या, मासे त्या गिळत आहेत, असं काहीतरी दिसू लागलं. मी बाबलीला सगळं सांगितलं; कार्डं, बुवा, एकतीस तारीख.  बाबलीने उंडो बशीत ठेवला.  तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला:

“सोडली खंय? स्कूटराक लटकता ती पिशवी! आठ दिस सांगतंय, नदीर जा, नदीर जा!”

बाबली कानापर्यंत लाल झाला. “देवाच्या कामाक मुहूर्त लागता,” तो पुटपुटला.

आळसाची निंदा करणारी किती निरूपणं मी ऐकली आहेत, मोजदाद नाही. त्या क्षणी मी आळसाला मनोमन साष्टांग नमस्कार घातला आणि बाबलीला इतकी घट्ट मिठी मारली की चहा आम्हा दोघांच्या अंगावर सांडला. पिशवीत वाळलेली झेंडूची फुलं, चार गणपती, दोन लक्ष्म्या, आणि तळाशी कुंकवात बुडालेली कार्डं. मोजली. बरोबर दहा.

दहा कार्डं, दहा वर्षं! प्रमोदने कुंकू फुंकून एकेक कार्ड लावलं आणि पडद्यावर बुवा उभे राहिले. माझे फोटो पूर्वरंग चालू असेतो सरळ असतात. आख्यान रंगलं की तिरपे होतात, आणि जन्माच्या वेळी तर नुसतं छप्पर येतं, कारण तेव्हा मी डोळे मिटलेले असतात. पण पूर्वरंगातले बुवा प्रत्येक कार्डात स्वच्छ होते. घरात पहिल्यांदा सगळ्यांनी चहा घेतला.

मग प्रमोद म्हणाला, “काका, कॅमेऱ्याची तारीख कधी लावलासा का नाही?”

दर वर्षी सेल काढून ठेवला की कॅमेऱ्याचं घड्याळ मूळपदावर जायचं, त्यामुळे सगळ्या फोटोंवर एकच तारीख होती. पहिली जानेवारी, चौदा वर्षांपूर्वीची. सरकारच्या दृष्टीने बुवांनी एकाच दिवशी दहा कीर्तनं केली होती, आणि तीही राम जन्मायच्या तीन महिने आधी.

इथे देवकीने सूत्रं हातात घेतली. बाबलीच्या बायकोला बोलावलं, दोघी चष्मे लावून पडद्यापुढे बसल्या.

“ही माझी आंबयाळी, आंब्याच्या रंगाची साडी. आमचो मुलगो साईश नोकरीक लागलो ते वर्स,” देवकी म्हणाली.

“आणि हीच साडी हांगा परत. पण काठ उसवलेलो बघ. म्हणजे दुसरां वर्स.”

“ह्यो बाबलीचो पाय प्लास्टरात.”

“नारळाच्या झाडार चडलेलो, ते वर्स. चडतलो म्हणून पैज मारलेली.”

“ते सांगूची गरज नाय,” बाबली म्हणाला.

मी हेडक्लार्क असूनही मला जे आठ दिवसांत जमलं नाही, ते त्या दोघींनी एका दुपारात केलं. साड्या, दागिने, कुणाच्या कडेवर कुणाचं पोर आणि तेच पोर पुढच्या कार्डात मांडी घालून बसलेलं. मी यादी लिहून काढली, सरपंचांनी सगळं पाहून खाली सही-शिक्का दिला. शेवटून मोजत मागे गेलो आणि सर्वांत जुनं कार्ड निघालं अकराव्या वर्षाचं. मधलं एक वर्ष नव्हतंच. महामारीचं. त्या रामनवमीला देवळाला कुलूप होतं, रस्त्यावर पोलीस होते, आणि माझा कॅमेरा कपाटात होता.

पणजीच्या कचेरीत फोन केला. सिद्धी मॅडम म्हणून कुणी होत्या, आवाज गोड. “काका, लागोपाठ म्हणजे लागोपाठ. कीर्तन झालंच नसेल तर तसं लिहा, पण मग दहा वर्षं त्यानंतरपासून मोजली जातील.”

पण कीर्तन झालं होतं! बुवांनी पेडण्याच्या घरात, सुनेने उभ्या केलेल्या मोबाईलसमोर ते केलं होतं आणि मी इथे ऐकलं होतं. हे मी फोनवर सांगत असताना देवकी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होती. फोन ठेवल्यावर तिने तिचा मोबाईल पुढे केला. मोबाईलला तारीख आपोआप कळते; फोटोवर बरोब्बर त्या रामनवमीची तारीख, दुपारी बारा वाजून चार मिनिटं.

तो फोटो! पुसला म्हणून तिने माझ्यासमोर शपथ घेतली होती.

“पुसलंय खंय म्हणाल्लंय? कोणाक दाखवूचंय नाय, म्हणाल्लंय.”

फोटोत मी आहे. सोवळ्यात, उघडाबंब. समोर पाट, पाटावर तांब्याला टेकवून उभा केलेला माझा मोबाईल, मोबाईलला झेंडूचा हार, त्याच्यापुढे वाटीत सुंठवडा. मोबाईलमध्ये इवलेसे बुवा पाळण्याची दोरी ओढताहेत. आणि मी गुलालाची मूठ भरून मोबाईलवर उधळली आहे. गुलाल हवेत आहे, माझे डोळे मिटलेले आहेत, गालांवरून पाणी वाहतं आहे आणि पोट, सांगायलाच हवं, मांडीवर विसावलेलं आहे. (त्या गुलालानंतर मोबाईलचा आवाज कायमचा गेला, ते वेगळं.)

हा फोटो सरकारी दप्तरी जाणार? चौतीस वर्षं ज्याच्या सदऱ्याचं वरचं बटण कुणी उघडं पाहिलं नाही, त्याचा? मी म्हटलं, शक्य नाही. सगळा दिवस म्हटलं. देवकी पोळ्या लाटत होती. न वळताच म्हणाली:

“बुवांनी तुमका तीस वर्सां हसयलां, रडयलां. आता त्यांच्यासाठी तुमी एकदा लोकांक हसवा.”

तीस तारखेला मी आणि बुवा पणजीला गेलो. बुवांना फोटोंबद्दल मी काही बोललो नव्हतो. ते बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. सिद्धी मॅडमनी एकेक फोटो यादीशी ताडून पाहिला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा ठीक. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी फोटो जवळ नेला. लांब नेला. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो.

“काका, मोबाईलला हार कोणी घातला?”

“मी.”

“आणि गुलाल?”

“जन्म झाला होता, मॅडम.”

त्यांनी ओठ दाबून धरले. पण शेजारच्या टेबलावरच्याने मान वाकडी करून पाहिलंच. तो उठून आला. मग आणखी एक आली. फोटो टेबलावरून टेबलावर गेला, आतल्या खोलीत गेला, तिथून मोठ्याने हसल्याचा आवाज आला आणि फोटो परत आला. मॅडमनी डोळे पुसले.

“काका, दहांतला पक्का पुरावा हाच. तारीख, वेळ, कीर्तनकार, श्रोता, सगळं एकात. फक्त मागे खुलासा लिहून सही करा.”

“कसला खुलासा?”

“छायाचित्रातील उघडा इसम कोण ते.”

मी पेन काढलं आणि शाळेच्या दाखल्यांवर लिहायचो त्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘छायाचित्रातील उघडा इसम मीच.’ खाली सही. मॅडमनी शिक्का मारला. त्या आवाजासारखा गोड आवाज मी कुठल्या झांजेचाही ऐकलेला नाही.

पावती घेऊन मागे वळलो तर बुवा उभे. फोटो त्यांच्या हातात होता. कुणीतरी पाहायला दिला असणार. ते हसत नव्हते.

“गुरुदासबाब,” ते म्हणाले, “त्या दिसा मी दोन तास त्या मोबाईलाफुडे उभो आसलंय. समोर कोण दिसना नाय, टाळी ऐकू येना नाय. सून म्हणाली, ऐकतत लोक. माका वाटला, माजी समजूत घालता. मी भिंतीक कीर्तन सांगलंय, असां सहा वर्सां समजान आसलंय.”

मी पुन्हा पंख्याकडेच पाहिलं.

“ह्याची एक प्रत माका होई,” बुवा म्हणाले. “बाकीचे नऊ नाय दिलास तरी चलतले.”

मी दिली. काल त्यांच्या सुनेचा फोन आला होता. फोटो चौकटीत घालून बुवांनी बाहेरच्या खोलीत लावला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पेडणे तालुक्यात आता माझी ही ओळख आहे. देवकी म्हणते, बरं झालं, निदान सोवळं रेशमी होतं.